वळून पाहणारा वल्हेकरी

खाडीवरची मावळती तांब्यासारखी तापली आणि निवली. पाणी आधी तांबूस, मग जांभळं, मग नुसतं काळं झालं. त्या काळ्या काठावर तंबूतलं पांढरं कापड उजळलं, आणि त्यावर दुसरी खाडी वाहू लागली. रंगहीन, ध्वनिहीन, तीच खाडी.

विलायती कादंबरीवरचा विलायती मूकपट. गोरा नायक खजिन्याच्या बेटाकडे निघालेला. होडी मात्र इथली, वल्ही इथली. मागच्या वल्ह्यावर भागोजी. कादंबरीत त्याला नाव नव्हतं.

चित्रणाच्या सकाळी साहेबानं बजावलं होतं, यंत्राकडे कुणी बघायचं नाही. पण यंत्रामागे, काठावर, भाकरी घेऊन आई उभी होती. भागोजीनं एकदाच वळून पाहिलं. हसला.

पुढे समुद्रानं त्याला नेलं. देह परतला नाही, होडी परतली नाही. घरात त्याचं एकही छायाचित्र नव्हतं.

उद्या तंबू उठणार होता. भागोजीची आई, साळूआई, पडद्याकडे तोंड करून, चित्र दाखवणाऱ्या यंत्राची मूठ फिरवणाऱ्या हसनमियाँजवळ बसली.

"मियाँ, तो वळलो की थांबव मरे. माझ्या झिलाक डोळे भरून बघूंदे."

"थांबवला तर जळेल तो, आई. दिव्याची आच वाईट. फीत चालते तोवरच वाचते."

"मग सावकाश फिरव."

भागोजी वळला. मूठ मंदावली. वल्ह्यावरचे थेंब हवेत रेंगाळले. हसू ओठांवर उमलता उमलता अडखळलं. उजेड धपापू लागला.

"मियाँ, जेवलंस नाय काय?" अंधारातून कुणी ओरडलं. तंबूभर हशा उसळला.

ती ऐकत नव्हती. ते डोळे तिच्याचकडे पाहत होते, त्या सकाळच्यासारखे. आणि ती त्या डोळ्यांत, भाकरीसकट, कुठेतरी उभी होती.

तापलेल्या फितीचा कापरासारखा उग्र वास दरवळला. भागोजीच्या कपाळावर तपकिरी ठिपका उमटला. वाढला. फुगला.

"फिरव!" साळूआई किंचाळली. "फिरव रे, जाऊंदे तेका!"

मूठ गरगरली. भागोजीनं मान वळवली, पाठ वाकवली, वल्हं पाण्यात घातलं. होडी लहान झाली, रेघ झाली, पांढऱ्या पाण्यातला कण झाली. आणि कापडावर उरलं पाणी, नुसतं पाणी, आवाज नसलेलं पाणी.