मागच्या खोलीतले साहेब

कारखान्याच्या मागच्या खोलीत मिस्त्रीने साहेबांच्या गुडघ्याचा पट्टा आवळला आणि आवळता आवळता एकदम बोलून टाकलं, "साहेब, माझ्या पोरीला एकदा हे बघू द्या."

दाराशी उभ्या असलेल्या सचिवाच्या कपाळावर आठ्या पडल्या. राष्ट्राध्यक्षांचे दोन्ही पाय लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरच्या आधारावर आहेत, हे त्यांची बायको, हा सचिव आणि कॅलिपर बनवणारा मिस्त्री एवढ्यांनाच ठाऊक होतं. बाकी देशाला ते मेजामागे ताठ उभे दिसत. साहेबांनी बांबू गिळलाय, असं लोक गमतीने म्हणत.

"काय झालंय तिला?" साहेबांनी विचारलं.

"तिचेही पाय असेच. शाळेत पोरं तिच्या चालण्याची नक्कल करून दाखवतात. आता घराबाहेर पडत नाही, धड जेवत नाही. मी आणि तिच्या आईने हात टेकलेत." मिस्त्रीने दुसरा पट्टा हातात घेतला. "परवा म्हणाली, बाबा, मला कशाला जगवलंत?"

"साहेब, निवडणूक तोंडावर आलीय," सचिव पुटपुटला.

"आण तिला," साहेब म्हणाले.

घर कारखान्याला लागूनच होतं. मिस्त्री ठमीला कडेवर उचलूनच घेऊन आला. दहा वर्षांची पोर, पण वजन नावाला नव्हतं. साहेब अर्ध्या चड्डीवर खुर्चीत बसले होते. ठमीने त्यांच्या कॅलिपरची पट्टी चाचपली, मग आपली.

"वर्गातल्या फोटोतले तुम्हीच ना?"

"मीच."

तिचा चेहरा असा काही फुलला की मिस्त्रीला तोंड फिरवून डोळे पुसावे लागले.

"मग मी उद्या शाळेत जाते. सगळ्यांना सांगते!"

सचिव खाकरला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"एवढ्यात नको, बाळ. कुणालाच नको सांगूस."

ठमीने बापाकडे पाहिलं.

"म्हणजे एवढं मोठं झाल्यावरही लपवायचंच?"

पोरीची होती नव्हती ती आशाही मिस्त्रीने आपल्याच हाताने घालवली होती.

बाहेर मोटार सुरू झाली. सचिवाने विजार पुढे केली आणि साहेबांनी ती मुकाट्याने चढवली. ठमी फरशीवर टेकली, त्यांच्या बुटांशी वाकली आणि तिने विजारीची कड हलकेच खाली ओढली.

"इथून पट्टी दिसत होती," ती म्हणाली. "आता नाही दिसत."