मूळ अवस्थेतली बेस गिटार

चष्मेवाल्याला बँडमध्ये राहायचं होतं आणि बँडला त्याची गरज उरली नव्हती. बँड मेव्हण्याचा. दर रविवारी त्याच्या गॅरेजमध्ये डेंटिस्ट ड्रम बडवायचा, शाळेतल्या बाई कीबोर्ड वाजवायच्या, मेव्हणा स्वतः गायचा आणि चष्मेवाला मागे भिंतीला टेकून बेस गिटार वाजवायचा. ती सहसा कुणाला ऐकूच यायची नाही. आली, की मेव्हणा मान न वळवता म्हणायचा, "भावोजी, जरा कमी." परवा तर तो तोंडावरच म्हणाला, "बाईंचा डावा हात बेस काढतोच की. तुम्ही कशाला उगाच दगदग करता?"

दगदग! ते त्याच्या जिव्हारी लागलं. रागाच्या भरात त्याने फोनवरून एक जुनी जपानी बेस गिटार मागवली.

ती आली आणि त्याच्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं ताटकळायला लागली. पन्नाशीची गिटार, केव्हाच बंद पडलेल्या कारखान्यातली. कडेला काळसर, मधे मधाच्या रंगाची. पाठीवर आधीच्या मालकाच्या बेल्टच्या बकलाने पाडलेले ओरखडे. मान मात्र इतकी सरळ, की डोळ्याला भिंग लावूनही त्याला खोट सापडली नाही. जाड तार हळूच छेडली तरी पोटात घुमायचं. बायकोने विचारलं, "अहो, जुनीच का?" त्यावर त्याने असं पाहिलं, की तिने पुन्हा विषय काढला नाही.

अशा गिटारींवर जीव टाकणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. ग्रुपने फोटो पाहून निकाल दिला: सगळं मूळचं आहे, कशालाही हात लावू नका. धूळही मूळची असेल तर पुसू नका. ग्रुपमधलं कुणी गिटार वाजवतं का, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

एकच भानगड होती. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर व्हायची. वाद्यांच्या दुकानदाराने झाकण उघडून आत पाहिलं.

"आतली तार सुटत आलीय. सोल्डर मारून देतो. चहा येईपर्यंत होईल."

"हात लावू नका! कारखान्यातलं सोल्डरिंग आहे ते."

"अहो, पण सुटतंय ना ते."

"सुटू दे. मूळचं आहे."

दुकानदाराने झाकण लावलं आणि चहा एकट्यानेच प्यायला.

बँडमध्ये मात्र चष्मेवाल्याचा भाव एकदम वधारला. डेंटिस्टने गिटारीला हात लावण्याआधी हात धुतले, जे तो दवाखान्यात करतो की नाही याबद्दल बाईंना शंका होती. मेव्हण्याने तर वार्षिक कार्यक्रमात भावोजींना चक्क पुढे, आपल्या शेजारी उभं केलं.

आणि तिथेच, दुसऱ्या गाण्याच्या मध्यात, गिटार मुकी झाली. बोटांखाली तारा थरथरत होत्या, स्पीकरमधून हूं की चूं नाही. चष्मेवाल्याने बटण फिरवून पाहिलं; खरखरही नाही. आता मेव्हणा वळून बघणार, संपलं सगळं! मेव्हणा वळला नाही. कुणीच वळलं नाही. बाईंचा डावा हात चालू होता. थांबावं तर सगळ्यांदेखत शोभा व्हायची, म्हणून तो वाजवत राहिला. उरलेली सगळी गाणी त्याने जीव तोडून वाजवली. एकही सूर चुकवला नाही. आयुष्यात इतकं चांगलं त्याने कधी वाजवलं नव्हतं, आणि हे फक्त त्यालाच माहीत होतं.

पडदा पडताच मेव्हण्याने त्याला मिठी मारली. "भावोजी, काय आवाज होता! जुन्या लाकडाची सर कशालाच नाही."

"माझ्या तर छातीत घुमत होतं," डेंटिस्ट म्हणाला.

"अरे, पण ती गिटार..." चष्मेवाल्याने तोंड उघडलं.

"पण नाही आणि बिण नाही. आता तुम्हाला सोडणार नाही. फक्त नेहमी असंच वाजवायचं, बरं का. एरवी तुमचं जरा जास्त व्हायचं, आज कसं अगदी बेताचं होतं."

चष्मेवाल्याला रडू फुटेल असं वाटलं. त्याने बाईंकडे पाहिलं. त्या कीबोर्डची वायर गुंडाळत होत्या आणि त्यांचं काही लक्ष नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.