मेंदीच्या कुंपणातली कोयनेल

मित्रांनो, मी एक जुनी कोयनेल, कुंपणाला लावतात ते झुडूप. नावाने मला फारसं कुणी ओळखत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझा जन्म अमरावतीच्या कॅम्पातला, एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्याभोवती. तिथली छाटलेली फांदी गोवर्धन माळ्याने एलिचपूरच्या, म्हणजे आताच्या अचलपूरच्या, आपल्या मळ्यात आणून लावली. पाण्यावाचून त्याच्या मेंदीच्या कुंपणाला भगदाड पडलं होतं आणि शेळ्या वांगी फस्त करत होत्या. मला शेळी तोंड लावत नाही. मी बारमाही हिरवी. गोवर्धन मला खाली रुंद, वर निमुळती छाटायचा, म्हणजे बुडालाही ऊन मिळे. छाटल्यावर मी आणि मेंदी एकसारख्या दिसायचो. लोक म्हणत, "काय मेंदी हाये, गोवर्धनभाऊ!" आणि मी आपली फुगायचे.

मग त्याच्या लेकीचं, शकुनचं, लग्न आलं. तिची आत्या गंगूबाई घाईघाईने टोपलं घेऊन आली आणि हाताशी लागली म्हणून माझीच पानं ओरबाडून नेली. पाट्यावर वाटली, शकुनच्या हातांवर थापली. लग्नाच्या दिवशी सकाळी हात धुतले, तर तळवे कोरे!

"रंग नाई चढला वं! सासूचा जीव नाई बसनार पोरीवर," मांडवात बाया कुजबुजल्या. शकुन ढसाढसा रडली. अरेरे, मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मुळं तर तिथंच होती, उरलेली मीही गेले असते तर बरं!

गोवर्धन कुऱ्हाड घेऊन धावला. "आता इले ठेवतच नाई!"

"थांबा, बाबा!" मागून शकुन आली. तिने माझं पान चुरगळलं. जाड, चकचकीत, उग्र वासाचं. मग शेजारच्या मेंदीचं बारीक पान चुरगळलं, तर थोड्या वेळात बोट तांबूस झालं. "इच्यात रंगच नाई, तं देईन कुठून? तुमी लावली, आत्यानं तोडली. इनं कधी म्हटलं का, मी मेंदी हाये म्हून?"

गोवर्धनने कुऱ्हाड खाली ठेवली. मग घाईने खरी मेंदी वाटून लावली; गोरज मुहूर्तापर्यंत तिचा फिकट नारिंगी रंग तेवढा चढला.

पुढच्या साली शकुन सासूला, पार्बताबाईला, घेऊन माहेरी आली. "माह्या सुनेले रडवनारी हेच का वं?" सासूने विचारलं.

"हेच. कोयनेल म्हंतात इले." दोघी हसल्या आणि माझी फांदी सासरच्या कुंपणासाठी घेऊन गेल्या.

मित्रांनो, कुंपणाला पाणी घाला, वेळेवर छाटा, पण आधी पान चुरगळून ओळख करून घ्या. मेंदीच्या नावाची शाबासकी मी मुकाट्याने घेत राहिले, त्याची मला अजून लाज वाटते.