मुकं अक्षर

रंगाला तडा गेलेला दिसला की ओब्दुलियाच्या कपाळावर आठी पडायची. ओरिसाबात पस्तीस वर्षं ती दुकानांच्या पाट्या रंगवत होती. तिचा रंग उलत नाही आणि तिच्या पाटीवर अक्षर चुकत नाही, याबद्दल गावात दुमत नव्हतं. गिऱ्हाइकानं चुकीचं लिहून आणलं तर ती त्याच्या तोंडावर खोडायची, वर चार शब्द सुनावायची.

म्हणून नदीपलीकडच्या बेकरीतली लेओकादिया "जुनी, तडकलेली पाटी करून द्या" म्हणत आली तेव्हा ती उखडलीच.

"जन्मभर रंग तडकू नये म्हणून राबले, आणि आता तडे विकू? ही कॅफेवाल्यांची थेरं तुला कुठून सुचली गं?"

"थेरं नाहीत, मावशी. बाबांसाठी हवीय." लेओकादिया स्टुलावर टेकली. "माझ्या नवऱ्यानं दारावर प्लॅस्टिकची नवी पाटी लावली. जुनी भट्टीत गेली. आई लग्न होऊन आली तेव्हा तिनं स्वतः रंगवलेली होती ती. बाबांना आता फारसं काही आठवत नाही, आई गेल्याचंही नाही, पण ती पाटी ओळखायचे. हल्ली सकाळी फिरून येतात आणि सरळ दारावरून पुढं जातात. परवा बस स्टँडवर सापडले. नवरा म्हणतो, कुलूप लावून आत ठेवू. मावशी, कोंडलं तर ते जगायचे नाहीत."

ओब्दुलियानं हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, "फोटो आहे?"

एकच होता, लेओकादियाच्या लग्नातला. मागे पिवळी पाटी, तिच्यावर लाल अक्षरांत 'आय पान', म्हणजे तिथल्या भाषेत 'पाव आहे'. नवरीची जाळीदार ओढणी वाऱ्यानं उडून पाटीची डावी कड झाकली होती. तिथं कोणतं अक्षर असणार हे ओब्दुलियाला कुणी सांगायला नको होतं. 'आय'च्या आधीचं मुकं 'एच'! उच्चारायचं नाही, पण लिहायचं. ते गाळलं की 'आहे'चं 'आई गं' होतं. अर्धं गाव ते गाळायचं, आणि अर्ध्या गावाला तिनं त्यावरून फैलावर घेतलं होतं.

फळीवर तिनं आधी तपकिरी रंग दिला. तो वाळल्यावर सुताराच्या पांढऱ्या गोंदाचा थर, आणि गोंद बोटाला चिकटतोय तोवरच वरून पिवळा पाण्याचा रंग, ब्रशच्या एका ओढीत. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की लगदा होतो. अक्षरांखालीही तसाच गोंद. तो जाड तिथं भेग रुंद, पातळ तिथं केसाएवढी. मग ड्रायरची गरम हवा, आणि भेगांत कॉफीचं पाणी. दोन फळ्या वाया गेल्या. तडा टाळण्यापेक्षा हवा तिथं पाडणं अवघड, हे तिला या वयात कळत होतं. भिंगातून फोटो बघता बघता त्या न पाहिलेल्या बाईच्या थरथरत्या रेघांची तिला माया वाटू लागली.

पाटी लागली. "अगदी तीच!" लेओकादिया डोळे पुसत म्हणाली.

लेओकादियाचे बाबा, डोन निकांद्रो, काठी टेकत आले. थांबले. भेगांवरून बोट फिरवलं. ओब्दुलिया बाजूला उभी राहून बघत होती.

"छान पाटी आहे," ते म्हणाले. "पण आमची नव्हे. आमचा पाव कण्हतो." आणि चालू लागले.

लेओकादिया रडतच त्यांच्यामागे धावली. ओब्दुलिया मात्र जागीच उभी राहिली. कण्हतो? आई गं, पाव! ओढणीआड काहीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेत तिनं आपली हुशारी रंगवून ठेवली होती.

तिनं पाटी उतरवली. 'एच' खरवडताना तिला पोटचं काही काढून टाकल्यासारखं वाटलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ती मुद्दाम चुकीचं लिहीत होती. त्या जागी पुन्हा गोंद, पुन्हा पिवळा, पुन्हा भेगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीच्या दाराशी उभी होती. डोन निकांद्रो आले, पाटीकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. मग तिच्या हातावरचे रंगाचे डाग पाहून त्यांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"तुम्ही पाट्या रंगवता ना? मग तुमच्या लक्षात आलंच असेल. एक अक्षर राहिलंय."

"आलं," ओब्दुलिया म्हणाली.

"बायकोला सांगू नका हं. किती हौसेनं रंगवलंय तिनं. मी कधी बोललो नाही, गिऱ्हाइकांनाही हसू दिलं नाही."



"नाही सांगणार," ती म्हणाली.

डोन निकांद्रोंनी समाधानानं मान हलवली, पायपुसण्यावर बूट पुसले आणि बायकोला हाक मारत ते घरात गेले.