दसऱ्याच्या पाटावरचा कागद

दुर्गाबाईंच्या दारावरून रद्दीवाला हाक न मारताच पुढं जायचा, आणि ते बरोबरच होतं. त्या घरात रद्दी उरायचीच नाही. भरलेल्या वह्या, वाण्याच्या पुड्या, लग्नाच्या पत्रिका, जे जे कागदाचं ते सगळं मोरीजवळच्या मडक्यात भिजायला पडायचं. चार दिवसांनी ते पिळायचं, भिजवलेल्या मेथ्या घालून उखळात कुटायचं आणि मऊसूत लगदा झाला की पालथ्या पातेल्यावर थापून उन्हात ठेवायचं. दोन-तीन दिवसांत परडी तयार! वरून गेरूचा हात फिरवला की झालं. कांदे-लसूण परडीत, मुलांचे चिंचोके परडीत, वाती वळून ठेवायच्या त्याही परडीत.

चार पोरं, कारकून नवरा, सकाळची शाळा, दुपारची शाळा. बाईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण हात स्वस्थ बसेल तर शपथ. नानकटाईसाठी भट्टीवाल्याच्या दारात ताटकळणं त्यांना मान्य नव्हतं. घरच्याच पितळी पातेल्यात क्षिप्रेची वाळू तापवायची, वाळूवर ताटली, ताटलीत नानकटाई, वर झाकण आणि झाकणावर निखारे. अर्ध्या तासात अख्ख्या गल्लीला वास जायचा. फ्रीगंज बाजारातली बिस्किटं काय घेऊन बसलात!

रविवारी जेवायला येणारा श्रीनाथ तर म्हणायचा, "वहिनी, तुमच्या नानकटाईसाठी मी भोपाळची बदलीसुद्धा नाकारीन." श्रीनाथ म्हणजे दुर्गाबाईंच्या नवऱ्याच्या, गोपाळकृष्णरावांच्या, कचेरीतला धाकटा कारकून. मूळचा धारचा, इथं उज्जैनला एकटाच राहायचा. थोरली प्रतिभा अकरा वर्षांची. तिचे अपूर्णांक त्यानंच पक्के करून घेतले होते.

भोपाळचं नाव तेव्हा घरोघरी निघत होतं, आणि कुणी हसण्यावारी नेत नव्हतं. साल छप्पन्न. पहिल्या नोव्हेंबरला मध्यभारत संपणार, नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला. कुणाची कचेरी राहणार, कुणाची बुडणार, ब्रह्मदेवाला ठाऊक. रोज नवी यादी यायची आणि माणसं आपलं नाव बोटानं शोधायची. गोपाळकृष्णरावांची नेमणूक ग्वाल्हेर दरबाराच्या वेळची. राजधानी कधी ग्वाल्हेरला, कधी इंदूरला हलायची, त्या खेपांत तिची कचेरीतली नक्कल गहाळ झालेली. घरातला अस्सल हुकूम, जांभळ्या शिक्क्याचा, तेवढाच काय तो आधार. तो दाखवला तर नोकरी कायम, नाही तर तेरा वर्षं पाण्यात.

माणूस भ्याला की त्याला देव जास्त आठवतो. खंडेनवमीला दरवर्षी पाटावर मुलांची पुस्तकं-वह्या, दौत, लेखणी मांडायचे. त्या वर्षी गोपाळकृष्णरावांनी पेटीतून हुकूमही काढला आणि पाटावर ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रतिभाच्या जुन्या वहीत खोचला. तो खोचला हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगायला काय जात होतं हो? पण घरातल्या कर्त्या पुरुषांना वाटतं, आपण केलेलं सगळ्यांना आपोआप कळतं.

दसऱ्याच्या दुपारी श्रीनाथ सोनं द्यायला आला, पाटाशेजारी टेकला, चहा पिऊन गेला. मग गोपाळकृष्णराव मंडळींबरोबर सीमोल्लंघनाला निघाले. जाता जाता म्हणाले, "पाट तेवढा आवरून घे." दुर्गाबाईंनी आवरला. नवी पुस्तकं फळीवर, दौत कोनाड्यात आणि भरलेल्या वह्या, नेहमीप्रमाणे, मडक्यात.

आठवड्यानं परड्या वाळल्या. दुर्गाबाई गेरू कालवत होत्या. प्रतिभा एक परडी हातात फिरवत म्हणाली, "आई, हे जांभळं काय गं? शिक्का आहे का?"

दुर्गाबाईंनी पाहिलं. लगद्यात एक चतकोर तुकडा अखंड राहिला होता. अर्धं वर्तुळ, त्यात सापाची शेपटी. ग्वाल्हेर दरबाराच्या शिक्क्यातला हा साप त्यांनी लग्नानंतर सासऱ्यांच्या हातातल्या नेमणुकीच्या हुकमावर पाहिला होता, ज्या दिवशी त्या कागदाला हळद-कुंकू वाहिलं होतं त्या दिवशी. त्या मटकन खाली बसल्या.

"कुठं काय? कसली शाई असेल," त्या म्हणाल्या आणि गेरूचा बोळा त्यावरून दोनदा फिरवला. प्रतिभानं आईच्या हाताकडं पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. पोरगी हुशार होती.

संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण नवरा संध्याकाळी आला तो देवास गेटावरून पेढे घेऊनच. म्हणाला, "तपासणी पुढच्या बुधवारी. हुकूम दाखवला की आपण सुटलो बघ!" मुलं त्यांच्या अंगावर नाचत होती. अशा माणसाला काय सांगायचं आणि कसं? दुर्गाबाई मनात म्हणाल्या, उद्या. उद्याचा परवा झाला.

मंगळवारी पेटी उपसली गेली. गाद्या उलटल्या, देवघर उलटलं. दुर्गाबाईही शोधत होत्या, फळीवरची पुस्तकं एकेक झटकत होत्या. देवा, काय ते नाटक!

"मी प्रतिभाच्या वहीत ठेवला होता," गोपाळकृष्णराव म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. "ती वही कुठं आहे?"

"मडक्यात गेली. पण मी झटकून पाहिली होती. तीत काही नव्हतं."

खोटं इतकं पटकन आलं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. गोपाळकृष्णराव खाटेवर बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी श्रीनाथ पाटाशेजारीच बसला होता ना?"

"हो. बसले होते."

"एकटाच?"

"मी आत चहा करत होते."

यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यापुढं गोपाळकृष्णरावांना बायकोला काही विचारायची गरज पडली नाही. यादीत त्यांच्या खालचं नाव श्रीनाथचं होतं. ते गळले की तो चढणार होता. भ्यालेल्या माणसाला एवढं पुरतं. बुधवारी त्यांनी हुकमाऐवजी अर्ज दिला. हुकूम चोरीला गेला आहे, संशय अमुक इसमावर आहे.

त्या रविवारी पाटावर एक ताट कमी मांडलं. धाकट्यानं विचारलं, "काका का नाही आले?" दुर्गाबाईंनी त्याच्या ताटात भात वाढला. गल्लीत मात्र उत्तरं तयार होती. "इन्हीं के घर का खाना खाके इन्हीं के घर चोरी!" असं समोरची शर्माईन नळावर म्हणाली. दुर्गाबाई मान खाली घालून बादली भरत राहिल्या.

दिवाळी तोंडावर आली, म्हणून दुर्गाबाईंनी पातेलं चढवलं. हात कामात असले म्हणजे डोकं थांबेल, असं त्यांना वाटलं. डोकं कुठलं थांबतंय? दुपारी दार वाजलं. श्रीनाथ होता. दाढी वाढलेली. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"वहिनी, चौकशी बसली आहे. परवा इंदूरहून साहेब येणार, तुमच्याच घरी. गुन्हा नोंदला तर मला कुठंच नोकरी नाही. धारला आई आहे माझी. दादा माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत. तुम्ही तरी सांगा. मी त्या वह्यांना हात लावला होता का?"

दुर्गाबाई खरं सांगणारच होत्या. मागं ओट्याजवळ प्रतिभा नानकटाया वळत होती. तिचे हात थांबले.

"मी आत होते हो," दुर्गाबाई म्हणाल्या.

श्रीनाथ जायला वळला. मग म्हणाला, "वहिनी, काहीतरी जळतंय." आणि गेला. खरंच जळत होतं. झाकणावरचे निखारे काढायचे राहिले होते. अख्खी ताटली काळी झाली. दुर्गाबाईंनी ती मोरीत उपडी केली आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मग डोळे पुसले. पक्कं ठरवलं. नवऱ्याला सांगायचं नाही, तो अडवेल. साहेबासमोरच सांगायचं. परडी पुढं ठेवायची, म्हणायचं, हे माझ्या हातून झालं. नोकरी जाईल तर जाईल. परड्या विकीन, नानकटाई विकीन, पण त्या मुलाच्या आईचे तळतळाट नकोत. इतक्या दिवसांनी त्यांना त्या रात्री झोप लागली.

साहेब सकाळी दहाला आले. उंच, वाळकुडे, हिंदी बोलणारे. बरोबर कचेरीचे बडे बाबू आणि मागं श्रीनाथ. गोपाळकृष्णरावांनी खुर्ची दिली. दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराआड परडी घेऊन. गेरू त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून काढला होता. शिक्का दिसत होता.

साहेबांनी पाट कुठं होता, कोण कुठं बसलं होतं, सगळं विचारलं. लिहून घेतलं. श्रीनाथनं एवढंच सांगितलं, "मैंने छुआ तक नहीं, साहब." मग साहेब म्हणाले, "किसी ने अपनी आँख से देखा है?"

दुर्गाबाईंनी पाऊल पुढं टाकलं.

"मैंने देखा," प्रतिभा म्हणाली.

ती कधी बाहेर आली होती, कुणाला कळलं नाही. वेण्या घट्ट, हात मागं बांधलेले, शाळेत कविता म्हणायला उभी राहावी तशी. "आई चाय बना रही थी। काका ने मेरी कॉपी खोली और एक कागज कोट की जेब में रख लिया। उस पर जामुनी ठप्पा था।"

श्रीनाथ प्रतिभाकडं बघत राहिला.

"पहले क्यों नहीं बताया, बेटी?"

"डर लगता था. काका अच्छे हैं ना."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गोपाळकृष्णरावांचा चेहराच सांगत होता, की ते स्वतः चकित झाले होते. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, सुटकेचं; चोरी ठरली म्हणजे हुकूम होता हेही ठरलं. साहेबांनी टाक शाईत बुडवला. मग दाराकडं वळून आदरानं विचारलं, "माताजी, बच्ची है, इसलिए आपसे पूछता हूँ। ये सच बोलती है?"

सगळ्यांनी दुर्गाबाईंकडं पाहिलं. श्रीनाथनंही. आणि प्रतिभानंही, तिच्या डोळ्यांत जराही भीती नव्हती, फक्त वाट पाहणं होतं. पदराआड परडीची कड दुर्गाबाईंच्या बोटांत रुतत होती. ती बाहेर काढली की श्रीनाथ सुटला असता. आणि अकरा वर्षांची पोर भर चौकशीत, बापासमोर, खोटी साक्षीदार ठरली असती. बडे बाबू ते तासाभरात उज्जैनभर करणार. त्या पोरीचं पुढं काय?

"आमची प्रतिभा..." त्या मराठीतच बोलल्या, मग सावरून म्हणाल्या, "हमारी लड़की झूठ नहीं बोलती।"

टाक कागदावर कुरकुरत चालला. श्रीनाथनं सही केली. कुठं करायची ते बडे बाबूंना दाखवावं लागलं. जाताना त्यानं दुर्गाबाईंना नमस्कार केला, दसऱ्याला केला होता तसाच वाकून, आणि जिना उतरला.

गोपाळकृष्णरावांनी पोरीला जवळ घेतलं. "शहाणी गं माझी बाय! घर वाचवलंस." मग ते साहेबांना पोचवायला खाली धावले.

प्रतिभा आईजवळ आली. हळूच तिच्या पदराआड हात घालून परडी काढून घेतली आणि मोरीजवळच्या मडक्यात बुडवली. दोन्ही हातांनी दाबून धरली, वर येऊ दिली नाही.

"आता कुणाला दिसणार नाही," ती म्हणाली. "तू घाबरू नकोस हं आई. मी कुणाला सांगणार नाही."

तिनं हात पुसले आणि आईकडं बघून हसली. दुर्गाबाईंनी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आपल्या पोटच्या पोरीची त्यांना भीती वाटली, आणि ती भीती पुढं जन्मभर गेली नाही.