दगडी राक्षसावरचा वर्मी घाव

चष्म्याचं दुकान चालवायचा म्हणून मित्र त्याला काचवाला म्हणत. दर रविवारी दुपारी तो, त्याचा मेहुणा आणि बेकरी चालवणारी मैत्रीण, खेळ चालवणाऱ्या मास्तरच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती जमत. खेळ फाशांचा, पण खरं तर गोष्टीचा. त्या गोष्टीत काचवाला योद्धा, मेहुणा जादूगार, बेकरीवाली चोर. राक्षस, भुयारं, खजिना सगळं मास्तरच्या डोक्यात, आणि शेवटचा शब्दही त्याचाच.

वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की घाव वर्मी बसला असं धरायचं आणि इजा दुप्पट मोजायची. मात्र भुताला काळीज नाही, दगडी राक्षसाला नस नाही. त्यांच्यावर वीस पडले तरी घाव साधाच. "दगडाला कुठलं आलंय वर्म?" मास्तर म्हणायचा. मागे याच नियमापायी मेहुण्याचा जुना जादूगार मेला होता. मेहुण्यानं गयावया केली, रुसून बसला, पण मास्तर तसूभर हलला नाही. काचवाल्याला त्याचं हेच आवडायचं.

त्या रविवारी भुयाराच्या तोंडाशी दगडी राक्षस उभा होता. काचवाल्याला मध्येच खोकल्याची ढास आली. हल्ली ती वरचेवर यायची. सूज आहे, गोळ्यांनी उतरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पाणी पिऊन त्यानं फासा टाकला. वीस.

"वर्मी बसला," मास्तर म्हणाला. "दुप्पट. मेला राक्षस."

बेकरीवालीनं टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच. मेहुणा खाली बघत बसला.

"मास्तर, हा दगडी आहे," काचवाला हसत म्हणाला.

"असू दे. नियम बदललाय."

"कधी?"

"आत्ता. माझा खेळ आहे, बदलला."

काचवाल्याचं हसू मावळलं. मेहुण्याच्या वेळी जो माणूस दगडासारखा बसला होता, तो आज त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. तिघांची तोंडं काय सांगतायत हे कळायला त्याला वेळ लागला नाही.

"काय झालंय मला?" त्यानं विचारलं.

शेवटी मेहुण्याचाच बांध फुटला. "भाऊजी, ताईनं शपथ घातलीय हो! डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं. हिवाळा निघेल म्हणाले... कदाचित."

"आणि तुम्हा सगळ्यांना माहीत?"

"तुला जिंकताना बघायचं होतं रे," मास्तर पुटपुटला.

"कुणी मागितलं होतं? घाव मागे घे."

"जाऊ दे ना आता."

"मागे घे म्हणतो!"

मास्तरनं घेतला. राक्षस उभा राहिला. पुढच्या डावात मास्तरनं राक्षसाच्या वतीनं फासा टाकला आणि योद्धा मेला. काचवाल्यानं पिशवी उचलली आणि तो निघाला.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "मी काय कुकुलं बाळ आहे?" त्यानं दारातूनच विचारलं. "गावाला ठाऊक आणि मलाच नाही!"

ती काय ते समजली. घडी घालायची थांबली नाही. "तुम्हाला शांत झोप लागत होती," ती म्हणाली. "तेवढी तरी राहू द्यावी म्हटलं."

तिला माफ करणं त्याला जमलं नाही. त्यानं आपली गादी उचलून पुढच्या खोलीत नेली.

रविवारचा खेळ बंद पडला. महिनाभरानं मास्तर दुकानात आला. बराच वेळ काउंटरशी घुटमळला. मग म्हणाला, "डोळे तपासून घ्यावेत म्हटलं."

काचवाल्यानं त्याला खुर्ची दाखवली, एक डोळा झाकायला सांगितला आणि भिंतीवरच्या तक्त्याचा दिवा लावला.

"खालची ओळ वाचा," तो म्हणाला. आयुष्यभर 'अरे-तुरे' केलेल्या मित्राला.

मास्तर वाचू शकला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"घाई नाही," काचवाला म्हणाला. "तुमच्यानंतर गिऱ्हाईक नाही."