मामाच्या तळहातातला सूर्य

थंडी पडली तशी प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खोलीपुढे सकाळपासून रांग लागू लागली. आत मामा स्टुलावर बसायचा. काचेच्या पेटीतून ताठरलेली इग्वाना, म्हणजे हातभर लांबीचा हिरवा सरडा, काढून तो सगळ्यांना दाखवायचा.

"नीट बघा. श्वास आहे? नाही. हालचाल? नाही. गेली बिचारी!"

मग तिला मांडीवरच्या शालीवर ठेवून पुटपुटत पाठीवर हात फिरवायचा. अर्ध्या तासाने इग्वाना डोळा उघडायची आणि खोलीभर हात जोडले जायचे.

"माझं काही नाही हो. तळहातात सूर्य उतरतो, मी नुसता निरोप्या!"

मी तिथली पशुवैद्य. मामा माझ्या आईचा सख्खा भाऊ, तीस वर्षं तिथला रखवालदार. साप धरायला मला त्यानेच शिकवलं. गारठलेली इग्वाना मेल्यासारखी दिसते, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण ती गारठत होतीच कशी? हीटर मी पारखून घेतला होता. दिव्याच्या उजेडाने रात्री तिची झोपमोड होते. तापणाऱ्या दगडावर पोट भाजलं तरी तिला वेळेवर कळत नाही. म्हणून उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, पेटीवरच्या जाळीच्या वर, एकाच बाजूला. उकडलं तर तिला दुसरीकडे सरकता यावं. सोबत तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट.

"रात्री वीज जाते गं," मामा म्हणाला. मी विश्वास ठेवला. तिच्या छातीत संसर्ग झाला, नाकातून फेस येऊ लागला. मी इंजेक्शन द्यायचे तेव्हा मामाच तिला धरायचा, डोळ्यांत पाणी आणून.

एकदा रांगेतल्या शिंपीणबाई म्हणाल्या, "डॉक्टर, मुलीच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या मी. मामांचा हात लागतो ना तिच्या डोक्याला रोज."

त्याच संध्याकाळी मी रात्रभरातलं सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवणारे दोन थर्मामीटर ठेवले. सकाळी इग्वानाच्या पेटीत नऊ अंश. शेजारच्या अजगराकडे एकोणतीस. वीज एकच. इग्वानाच्या हीटरचा प्लग तेवढा काढलेला.

रांगेदेखत मी मामाच्या मांडीवरची शाल उचलली. खाली गरम पाण्याची रबरी पिशवी.

"पिशवी असेल, पण जीव मामांनीच आणला!" कुणीतरी ओरडलं.

मी इग्वानाला पेटीत ठेवलं, हीटर लावला. "आता कुणी हात लावायचा नाही. मामा, तूसुद्धा." पाऊण तासाने तिने पाय ओढला, मग डोळा उघडला. कुणी हात जोडले नाहीत.

"तीस वर्षांत मला कुणी विचारलं होतं का गं?" मामा हळूच म्हणाला.

"मी विचारत होते की, मामा. तिला बरं का वाटत नाही, हे रोज तुलाच विचारत होते."

शिंपीणबाई मुलीला घेऊन तिथूनच दवाखान्यात गेल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. इग्वाना मात्र नवव्या दिवशी गेली. तिची फुप्फुसं पार खराब झाली होती.

लोकहो, चमत्कार दाखवणारा परकाच असतो असं नाही. तो घरचा असेल, लाडका असेल, तरी त्याला विचारा: हे घडतं कसं? विचारल्याने माया कमी होत नाही. मी महिनाभर मामाला हा प्रश्न विचारला नाही, आणि त्याची किंमत एका मुक्या जनावराने मोजली.